चढावरचा दिवा

वंदनाताई शेजारी बसलेल्या असल्या की खेळ सुरू होताना पडद्याला हात लावायची सोय नसे. कंपनीचं नाव यायच्या आधीच माणसं पुढे जायच्या घाईनं बोट आपटतात. तुमचं बोट निम्म्या वाटेवर असतानाच वंदनाताई मनगट धरत. जोरात नाही, रस्ता ओलांडताना लहान मुलाचं धरावं तसं. आणि म्हणत, "थांबा की. येऊ दे त्याला." मग काळ्या पडद्याच्या डाव्या कोपऱ्यातून एक पिवळा ठिपका निघायचा, मध्येच मंद व्हायचा, इतका की विझला असंच वाटावं, आणि पुन्हा उजळून पडद्याच्या मध्यावर येऊन थांबायचा. त्याच्या उजेडात आमच्या कंपनीचं नाव दिसायचं: उजळणी. तेव्हा कुठे मनगट सुटायचं. खुद्द परागचं, म्हणजे आमच्या मालकाचं मनगटही त्यांनी पाहुण्यांसमोर असं धरून ठेवलेलं मी पाहिलं आहे. पाहुणे हसले, पराग ओशाळला, आणि ठिपका आपल्या चालीनं आला.

उजळणी ही मुलांसाठी अभ्यासाचे खेळ बनवणारी लहानशी कंपनी होती. घोटावड्याच्या जरा बाहेर, पशुखाद्याच्या गोदामावरच्या मजल्यावर आमचं ऑफिस. भाडं परवडत होतं आणि पेंडीच्या वासाची सवय होते. पाढे, नकाशे, बेडकाचं जीवनचक्र, जे हाती लागेल ते आम्ही खेळात घालायचो आणि शाळाशाळांतून पोचवायचो. खेळातले शब्द मी लिहीत असे. "शाब्बास!", "अगदी जवळ आलास", "पुन्हा एकदा करून बघ" ही सगळी माझी साहित्यसेवा. माझं दुसरं काही एवढं वाचलं गेलेलं नाही. म्हणून वंदनाताई मला 'लेखक' म्हणत. त्या हाकेत मान किती आणि चेष्टा किती, ते मला कधी नक्की कळलं नाही आणि मी कधी फार खोलात गेलो नाही.

त्या घोटावड्याच्याच. विहारामागच्या आळीत घर, घरात त्या आणि त्यांची आई. चित्रकलेची पदविका घेतली, पण शाळेत जागा निघेना, म्हणून आजूबाजूच्या दुकानांच्या पाट्या रंगवायला लागल्या. आमच्या खालच्या गोदामाची पाटीही त्यांनीच रंगवली होती. त्या पाटीवरची गाय रस्त्यानं जाणाऱ्याकडे मान वळवून बघते. पराग जागा बघायला आला तेव्हा जागेपेक्षा त्या गायीकडेच जास्त वेळ बघत राहिला, आणि जागा घ्यायच्या आधी त्यानं पाटी रंगवणारीचा पत्ता विचारला. परागनं आयुष्यात जे थोडे शहाणे निर्णय घेतले त्यांत हा मी सगळ्यात वर ठेवीन.

ऑफिसच्या खिडकीतून डोंगराची रांग दिसायची. पावसाळा सरला की सकाळी तिथे ढग उतरून बसायचे आणि दहा-साडेदहापर्यंत हलायचे नाहीत. वंदनाताई आल्या आल्या आधी ती खिडकी उघडत, खुर्ची तिकडे वळवत आणि काही वेळ नुसत्या बघत बसत. कुणी कामाचं विचारलं तर म्हणत, "चाललंय की काम. डोळ्यांचं आधी, हाताचं मागनं." बैठकीत त्या शाळेत शिकलेली शुद्ध भाषा बोलत. रागावल्या, हसल्या किंवा चित्रात बुडाल्या की गावची बोली आपोआप वर येई. त्यामुळे त्यांचं चित्र कुठवर आलंय हे पडद्यात न डोकावताही, दाराबाहेरून ऐकून कळायचं.

लोगो म्हणजे फार तर चार-पाच सेकंदांचा मामला. बाकीच्या कंपन्या तो एकदा करून घेतात आणि विसरतात. आमच्याकडे तो सारखा बदलत राहिला, कारण यंत्रं बदलत राहिली आणि परागच्या आवडी त्याहून लवकर बदलत राहिल्या. अगदी पहिला लोगो शाळांतल्या जुन्या संगणकांसाठी होता. त्यातला ठिपका म्हणजे एकमेकांना चिकटवलेले पिवळे चौकोन, आणि ते सरकताना अडखळायचे. पुढे संगणक सुधारले, चौकोनांचा गोल झाला, गोलाभोवती मऊ उजेड आला. आम्ही सगळे त्याला काजवा म्हणायचो. काजव्यांच्या मुळशीतली कंपनी, अंधार आणि पिवळा उजेड, दुसरं काय म्हणणार? वंदनाताईंनी मात्र तो शब्द कधी तोंडातून काढला नाही. त्यांच्या बोलण्यात तो नुसता 'त्यो' असे. "आज त्यो नीट येत न्हाई." "जरा सावकाश घ्या त्याला." ऐकणाऱ्याला वाटावं, घरातल्याच कुणाबद्दल चाललंय.

भांडण व्हायचं ते मधल्या अंधारावरून. ठिपका मंद होऊन जवळजवळ दिसेनासा होई ती जागा परागच्या डोळ्यांत कायम खुपायची. "ताई, युजर तिथेच ड्रॉप होतो. काळा स्क्रीन कोण बघत बसणार? लोकांना वाटतं ॲप हँग झालं," तो म्हणायचा.

"चढ हाय तितं," वंदनाताई म्हणत. "दम घेऊ दे की त्याला."

काळ्या पडद्यावर कुठला आलाय चढ, हे विचारायचं आमच्यापैकी कुणाला सुचलं नाही. कलावंत माणूस, असेल काहीतरी, म्हणून सोडून द्यायचो. परागही सोडून द्यायचा, कारण बाकी कशालाच वंदनाताई नाही म्हणत नसत. त्यांचा सौदा ठरलेला होता. "रंग घ्या, रूप घ्या, अक्षरं बदला. चढ तेवढा काढायचा न्हाई."

त्या सौद्यात त्यांनी पुष्कळ सोसलं. एका वर्षी परागनं पुण्यातल्या कुणा डिझायनरकडून ठिपक्याला पंख, टपोरे डोळे आणि हसू बसवून आणलं. वंदनाताईंनी पडदा जरा लांब धरून पाहिला. "ह्यो कोन?" एवढंच विचारलं. मग डोळे काढले, हसू काढलं, पंख राहू दिले, कारण पंखांचे पैसे देऊन झाले होते. त्या पंखांची त्यांनी पुढे इतकी टिंगल केली की परागनंच ते काढून टाकले. मग मोबाइलचं वेड आलं आणि पडदा आडव्याचा उभा झाला. आता ठिपका खालून वर यायला लागला. "हा तर सगळाच चढ झाला," त्या म्हणाल्या, "मरंल की बिचारा." आणि दोन दिवस खपून त्यांनी त्याला उभ्या पडद्यावर एक वळण शोधून दिलं.

सगळ्यात वाईट साल पांढऱ्याचं. त्या वर्षी जगातल्या सगळ्या कंपन्यांनी म्हणे आपली पार्श्वभूमी पांढरी केली होती, मग आपण मागे का राहायचं? पांढऱ्या पडद्यावर उजेड दिसणार कसा? उजेडाच्या जागी एक पिवळा गोळा गडगडत यायचा आणि आमच्या नावाला धडकून थांबायचा. "दिवसाढवळ्या कोन बत्ती लावून येतं?" वंदनाताई म्हणाल्या आणि त्या महिन्यात परागशी कामापुरतंच बोलल्या. शेवटी पौडच्या एका शिक्षिकेचा फोन आला की मुलं "बाई, लिंबाचा खेळ लावा" म्हणतात, म्हणजे नक्की कुठला? परागनं मुकाट्यानं पुन्हा अंधार केला.

त्या पांढऱ्या सालानंतरच्या हिवाळ्यात मी आणि वंदनाताई ताम्हिणीच्या बाजूला एका डोंगरवाडीतल्या शाळेत गेलो होतो. नवा खेळ आधी मुलांपुढे ठेवून बघायची आमची रीत होती. शाळा दोन खोल्यांची, धुकं इतकं दाट की मुलं अंगणातून वर्गात येताना ढगातनं एकेक उगवल्यासारखी दिसत होती. वंदनाताईंनी त्यांना गोल बसवलं आणि सांगितलं, "हात मांडीवर. त्यो आल्याबिगार कुनी दाबायचं न्हाई." ठिपका निघाला. मी सवयीनं म्हणालो, "बघा, काजवा आला."

एक मुलगी माझ्याकडे बघून हसली. "ह्यो काजवा न्हाई," ती म्हणाली. "काजवा लुकलुकतो. ह्यो कुनीतरी बत्ती घेऊन येतंय. चढ लागलाय त्याला."

बाकीच्यांना त्यात नवल वाटलं नाही. अंधारात घाटाच्या वाटेनं येणारी माणसं ती रोज बघत होती. ठिपका मंद झाला तशी दोघं-तिघं हळूच म्हणायला लागली, "चढ, चढ, चढ," आणि तो उजळल्यावर सगळ्यांनी एक टाळी दिली. मी वंदनाताईंकडे पाहिलं. त्या पाठमोऱ्या होऊन दप्तरांच्या फळीवर काहीतरी शोधत होत्या. फळीवर काही नव्हतं.

परतताना त्यांनी गाडी मुळशी धरणाच्या पाण्यापाशी थांबवायला लावली. धुकं पाण्यावरून वर सरकत होतं. पलीकडचा डोंगर मधूनच दिसे, मधूनच नसे, आणि पाणी कुठे संपतं नि आभाळ कुठे लागतं ते सांगता येत नव्हतं. ढाब्यावरून आणलेला चहा हातात धरून, माझ्याकडे न बघता, त्यांनी मला ती गोष्ट सांगितली.

त्यांचे वडील, आबा, पिरंगुटला एका कारखान्यात फिटर होते. सायकलनं जायचे, सायकलनं यायचे. सायकलला तो बाटलीसारखा डायनॅमो होता, चाकाला घासून दिवा लावणारा. थंडीच्या दिवसांत सुटी व्हायच्या आधीच अंधार पडे. मग वंदनाताई आणि त्यांची आई ओट्यावर बसून रस्त्याकडे बघत. रस्त्यावर तेव्हा दुसरं वाहन क्वचितच. लांबून एक पिवळा ठिपका निघायचा. गावाआधी एक चढ आहे, तिथे सायकल हळू व्हायची आणि तिच्याबरोबर दिवाही मंद व्हायचा. कधी आबा पाय टेकून दम घेत, तेव्हा तो अगदीच जायचा. "तेवढा वेळ आई बोलायची न्हाई," वंदनाताई म्हणाल्या. "मी काय विचारलं तरी बोलायची न्हाई. मग दिवा वर यायचा, उताराला लागायचा, लख्ख व्हायचा. की आई उठायची आन् च्याचं आदन ठेवायची. आबा सायकल लावूस्तवर च्या तयार."

त्या पदविकेच्या वर्गात असताना आबा तापाचं निमित्त होऊन गेले. सायकल कुणीतरी नेली. पुढे रस्ता रुंद झाला, गाड्या वाढल्या. "मी अजून बघते संध्याकाळचं," त्या म्हणाल्या. "पन आताच्या गाड्यांना चढ कळत न्हाई. चढ असू दे का उतार, दिवा तेवढाच."

मी विचारलं, आईंना दाखवलंत का हे कधी?

त्यांनी मान हलवली. आईंना मुलगी संगणकावर चित्रं काढते एवढंच ठाऊक होतं. "लेखक, ते बघून सांगणारं एकच माणूस उरलंय. मी तवा लहान. माझ्या डोळ्यात हाय ते खरं का मी मनानं केलेलं, कोन सांगणार? आईनं बघितलं आन् 'छान हाय गं काजवा' म्हणाली तर? मग मी इतकी वर्सं काय गिरवत बसले?" चहा गार झाला होता, तो त्यांनी तसाच पिऊन टाकला.

त्यानंतर मी त्या अंधारासाठी त्यांच्या बाजूनं भांडायला लागलो, कारण मात्र कुणाला सांगितलं नाही. काही दिवसांनी त्यांनी पिरंगुटच्या भंगारवाल्याकडून एक जुना डायनॅमो पैदा केला आणि शिपायाची सायकल ऑफिसात आणून उलटी उभी केली. भर दुपारी खिडक्यांचे पडदे ओढले. पेडल फिरवायचं काम साहजिकच लेखकाकडे आलं. भिंतीवर एक पिवळा डाग थरथरायला लागला. "हळू," त्या म्हणाल्या. "अजून हळू. चढ लागलाय. आता पाय जड झालं. थांबा. थांबा. आता घ्या." सगळं ऑफिस भिंतीशी उभं होतं. हसायला म्हणून आलेले लोक हसले नाहीत. परागही दारात चहाचा कप धरून उभा होता, आणि डाग पुन्हा उजळला तेव्हा त्यानं श्वास सोडलेला मला ऐकू आला. खालून पेंडीची पोती उतरवल्याचा आवाज येत होता, तोही फार लांबचा वाटला. त्या दुपारी केलेला लोगो आमच्या सगळ्या लोगोंमधला सर्वांत सुंदर. उजेड मरतो आणि पुन्हा धरतो, ते त्यात डोळ्यांना नाही, पायांना जाणवायचं.

आणि तोच जायची वेळ आली. हिंजवडीच्या एका मोठ्या कंपनीनं उजळणी विकत घ्यायचं ठरवलं. परागला दोष देत नाही. पगार वेळेवर करता करता तो टेकीला आला होता. मोठ्या कंपनीची एकच मागणी लोगोबद्दल होती: पापणी लवेपर्यंत दिसावा आणि जावा. नव्या लोगोत एक पिवळी रेघ सुर्रकन जायची आणि नाव चमकायचं. चढ उरला नव्हता. पराग खाली मान घालून म्हणाला, "ताई, या वेळी माझ्या हातात नाही."

वंदनाताई भांडल्या नाहीत. खिडकी लावली, खुर्ची नीट आत सरकवली. "बरं," म्हणाल्या. "मग माझं हितं काय काम न्हाई." शाळेत चित्रकलेची तात्पुरती जागा निघाली होती, ती घेते म्हणाल्या. डब्याची पिशवी उचलली आणि जिना उतरून गेल्या. खिडकीतून मी त्यांना रस्त्याला लागताना पाहिलं. चढ यायच्या आधीच त्या धुक्यात दिसेनाशा झाल्या.

नवा लोगो मुलांपुढे ठेवायला मी आणि पराग त्याच डोंगरवाडीत गेलो. जुन्या भेटीतली मुलं एव्हाना पुढच्या शाळेत गेली होती. ही त्यांची धाकटी भावंडं. त्यांना वंदनाताई ठाऊकही नव्हत्या. शाळेतल्या बाईंनी टॅबलेट वाटले. रेघ सुर्रकन गेली, नाव चमकलं, पहिला प्रश्न पडद्यावर येऊन उभा राहिला. मुलं हात मांडीवर ठेवून बसून राहिली.

आम्ही वाट पाहिली. मुलंही वाट पाहत होती. पराग माझ्या कानाशी लागला, "हँग झालंय का?"

"अरे, आलाय की प्रश्न. दाबा," बाई म्हणाल्या.

"बाई, त्यो अजून आला न्हाई," एक मुलगा म्हणाला.

"कोण?"

"चढावरला." आणि शेजारणीनं त्याला गप्प केलं, "बोलू नको रं, दम खातोय त्यो."

हात मांडीवर ठेवायचा रिवाज एका इयत्तेनं दुसरीला शिकवला होता, आणि आम्हाला त्याचा पत्ताही नव्हता. बाईंनी दोनदा सांगून पाहिलं. मुलं अदबीनं ऐकायची आणि पुन्हा काळजीनं पडद्याकडे बघायची. त्यांच्या मते माणूस वाटेत होता. तो पोचायच्या आधी खेळायला लागणं त्यांना बरं दिसत नव्हतं. परागनं चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. त्या दुपारची ती डागाची भिंत त्याला आठवली असावी. शेवटी त्यानं माझ्या टॅबलेटवर होता तो जुना खेळ लावून मध्ये ठेवला. "चढ, चढ, चढ," मुलं म्हणाली. टाळी झाली, आणि सगळी एकदम खेळायला वाकली.

घाट उतरून धरण मागे पडल्यावर पराग म्हणाला, "शाळांच्या खेळात तरी मी जुनाच ठेवणार. भांडतो त्यांच्याशी. ताईंना सांगून ये, परत बोलाव." मला घोटावड्यात सोडून तो हिंजवडीकडे गेला.

दिवेलागणीची वेळ होती. वंदनाताईंच्या आई ओट्यावर सुपात पावट्याच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. वंदनाताई उंबऱ्यात. मी तिथेच पायरीवर बसून सगळं सांगितलं, मुलांचं, परागचं. त्यांनी ऐकून घेतलं.

"कशाचं म्हनायचं हे?" आईंनी मला विचारलं. "कुनाला चढ लागलाय?"

"काही न्हाई गं, कामाचं हाय," वंदनाताई घाईनं म्हणाल्या.

"कामाचं तर कामाचं. बघू दे तरी, इतकी वर्सं काय काढतीस ते. मोतीबिंदू काढून एक डोळा केलाय ना माझा डाक्टरनं? दिसतंय मला."

टॅबलेट माझ्या मांडीवर होता. मी वंदनाताईंकडे पाहिलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी माझं मनगट धरलं नाही. चौकट धरली आणि तोंड घराच्या आत वळवलं. मी खेळ सुरू करून टॅबलेट आईंच्या सुपापाशी धरला.

ओट्यावर अंधारलं होतं, त्यामुळे पडदा अगदीच काळा दिसला. ठिपका निघाला. आई शेंगा सोलतच बघत होत्या. मग तो मंद व्हायला लागला आणि त्यांचे हात थांबले. शेंग अर्धी उघडलेली तशीच बोटांत राहिली. ठिपका जवळजवळ गेला. त्या बोलल्या नाहीत. वंदनाताईंनी आतून, चेहरा न वळवता, विचारलं, "दिसलं का गं?" तरी त्या बोलल्या नाहीत.

मग तो चढ चढून वर आला, उजळला, आणि आमच्या नावापाशी थांबला. आईंनी त्या नावाकडे पाहिलंच नाही. सूप बाजूला सारलं, गुडघ्यावर हात देऊन उठल्या. "आदन ठेवते," म्हणाल्या, आणि आत गेल्या.

आतून भांडं ठेवल्याचा, मग गॅस पेटल्याचा आवाज आला. वंदनाताई उंबऱ्यातच खाली बसल्या आणि रडायला लागल्या. मला काय करावं सुचेना, म्हणून मी राहिलेल्या शेंगा सोलायला घेतल्या. चहा आला तो पाकासारखा गोड होता. आई आजवर मला चहा द्यायच्या तो अगदी फिका असे. वंदनाताईंनी एक घोट घेतला आणि म्हणाल्या, "आबांना असाच लागायचा." आई हसल्या, बराच वेळ रस्त्याकडे बघत बसल्या, मग पुन्हा सूप पुढे ओढलं.

मला पोचवायला वंदनाताई रस्त्यापर्यंत आल्या. परागचा निरोप मी पुन्हा सांगितला: परत या, जुना लोगो राहणार आहे.

"नगं," त्या म्हणाल्या. आवाज हलका झाला होता, पाट्या रंगवायच्या काळातला असावा तसा. "शाळेत जाते मी आता. परागला सांगा, तुमच्या लोगोत काय बदलायचं ते बदला. पांढरा करा, पंख लावा." मग म्हणाल्या, "त्यो पोचला, लेखक."

मी फाट्याकडे चालत निघालो. मागून गाड्या येत होत्या, एकामागून एक. चढावर आल्या तरी एकीचाही दिवा कमी होत नव्हता.